स्पायडर-मॅनच्या 'क्लोन सागा'चा शेवट: आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला वाचनालयाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉमिक्स वाचनालयाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. स्पायडर-मॅन आणि त्याची हुबेहूब नक्कल (क्लोन) यांच्या 'क्लोन सागा' या लांबलचक कथेचे अकरा खंड सात आठवडे ओळीने वाचल्यावर शेवटी मेलेला खलनायक उठून उभा राहतो आणि ही वाचकाची फसवणूक आहे, हे पहिले. शेवटच्या खंडात काय घडते ते आमच्या चिठ्ठीनेच आधी फोडले, हे दुसरे. अशी मालिका 'अवश्य वाचा' म्हणून हातात दिल्याबद्दल आम्ही पैसे परत करावेत, हे तिसरे.

चिठ्ठीबद्दल आधी लिहितो, कारण तिथे आमच्याकडे सांगण्यासारखी सबब नाही. प्रत्येक खंडाला तपकिरी कागदाचे कव्हर घालून कण्यावर चिठ्ठी चिकटवायची आमची पद्धत आहे. शेवटच्या खंडावर मी स्वतःच्या अक्षरात 'रेव्हेलेशन्स, बेन रायलीचा मृत्यू' असे लिहिले होते; 'रेव्हेलेशन्स' हे शेवटच्या भागाचे नाव आणि बेन हा पीटर पार्करसारखाच हुबेहूब दिसणारा या कथेतला दुसरा नायक. खंड चटकन सापडावा एवढाच त्यामागचा विचार होता, पण ज्याने दहा खंड बेनसोबत काढले त्याला ती ओळ कपाटापाशीच वाचावी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती चिठ्ठी आता काढली आहे आणि सगळ्या कपाटांवर फक्त मालिकेचे नाव व खंड क्रमांक ठेवला आहे.

शेवटाबद्दल मात्र माझे मत आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. आपला राग मला समजतो. ऑक्टोबर १९९४ मध्ये सुरू झालेली ही कथा मुळात काही महिन्यांत संपणार होती. पण अंक खपू लागले, संपादक बदलत गेले आणि एकाच वेळी निघणाऱ्या चार मासिकांतून ती डिसेंबर १९९६ पर्यंत लांबली. १९९५ च्या उन्हाळ्यात वाचकांना सांगण्यात आले की वीस वर्षे ज्याला आपण पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, समजून वाचत आलो तो क्लोन आहे आणि खरा पीटर म्हणजे बेन रायली. लग्न झालेला, संसारी पीटर बाजूला करून पुन्हा एकटा स्पायडर-मॅन आणायचा, हा त्यामागचा हेतू होता. वाचक बिथरले, निर्णय फिरवावा लागला, आणि १९७३ मध्ये मेलेल्या नॉर्मन ऑस्बॉर्नला, म्हणजे पहिल्या ग्रीन गॉब्लिनला, सगळ्यामागचा सूत्रधार म्हणून परत आणले गेले. हा जोड उघड दिसतो. पीटरची पत्नी मेरी जेन हिच्या बाळाचे नेमके काय झाले याचे सरळ उत्तरही शेवटच्या अंकात मिळत नाही, आणि ती उणीव मलाही खुपते.

असे असूनही तो अंक मी लोकांना आग्रहाने का देतो, ते सांगायला हवे. जेरी कॉनवे यांनी १९७५ मध्ये लिहायला घेतलेल्या आणि इतर लेखकांनी पुढे नेलेल्या मूळ कथेत खरा कोण आणि नक्कल कोण, हे ठरवणाऱ्या तपासणीचा अहवाल पीटरच्या हातात येतो आणि तो न वाचताच फेकून देतो. मेरी जेनवरचे आपले प्रेम हाच त्याला पुरावा वाटतो. एकवीस वर्षांनंतरची सगळी गुंतागुंत त्या न वाचलेल्या कागदातून निघाली आहे. आता हॉवर्ड मॅकी यांनी लिहिलेला आणि जॉन रोमिटा ज्युनिअर यांनी चितारलेला 'स्पायडर-मॅन' क्रमांक ७५ पुन्हा उघडून पाहावा. गॉब्लिनचे ग्लायडर, म्हणजे त्याचे उडते यंत्र, पीटरच्या रोखाने येते, बेन मध्ये झेप घेतो आणि ते त्याच्या पाठीत घुसते. १९७३ मध्ये नॉर्मन याच यंत्राने स्वतः भोसकला गेला होता, हे ज्याला आठवते त्याला ते चित्र अधिक लागते. मग बेनचे शरीर धूळ होऊन विरते. क्लोन तयार करणारा खलनायक जॅकल, त्याने बनवलेले क्लोन असेच विरघळतात हे आधीच्या खंडांत आपण अनेकदा पाहिलेले असते, त्यामुळे क्लोन कोण होता हे सांगायला कोणा शास्त्रज्ञाची गरज उरत नाही. अहवालाने द्यायचे उत्तर मूठभर धुळीने दिले, आणि तेही अशा वेळी की ते कळल्याचा आनंद पीटरला होऊ शकत नाही. नॉर्मनचे पुनरागमन संपादकांच्या अडचणीतून आले असेल, पण ही पाने कथेतूनच आली आहेत, असे मी गेली कित्येक वर्षे मानत आलो आहे.

इथे आमची आणखी एक चूक मला दिसते, जी आपण लिहिलेली नाही. १९७५ चे अंक या अकरा खंडांत नाहीत. ते वेगळ्या पुस्तकात आहेत आणि ते आमच्याकडे असूनही आपल्याला आधी दिले गेले नाही. तो फेकलेला अहवाल न पाहता शेवट वाचला तर धूळ ही नुसती युक्ती वाटणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आपल्या निराशेचा बराचसा वाटा मी आमच्याकडे घेतो.

पैशांबद्दल: कथेचा शेवट पटला नाही म्हणून वर्गणी परत करण्याची आमची पद्धत नाही, आणि ती बदलावी असे मला वाटत नाही, पण चिठ्ठीने आपला शेवटचा खंड बिघडवला, त्यामुळे त्या खंडाचे भाडे आपल्या खात्यात जमा केले आहे. १९७५ च्या कथेचे पुस्तक काउंटरवर आपल्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे. ते भाडे न देता न्यावे, आणि सोबत अकरावा खंडही पुन्हा हवा असल्यास सांगावे. सोमवारी आम्ही बंद असतो. इतर दिवशी संध्याकाळी मी स्वतः काउंटरवर असतो.

आपला,
वाचनालय चालक