देशी झुडपालाही पाणी लागते

‘देशी फुलझुडपांना पाणी लागतच नाही, धायटी, निर्गुडी, घाणेरी लावा आणि विसरा’ असा संदेश सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो वाचून मुलुंडच्या माझ्या आत्याने भर एप्रिलमध्ये गच्चीवरच्या धायटीचे पाणी बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर धायटी कोणी पाणी न घालता जगते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लाल नळीदार फुलांनी लगडते. परंतु ती जगते खडकांच्या फटींत खोल उतरलेल्या मुळांच्या बळावर. कुंडीत मुळांनी जायचे कुठे? तापलेल्या स्लॅबवर आत्याच्या कुंडीतली माती इतकी आक्रसली होती, की वरून ओतलेले पाणी कडेच्या भेगेतून थेट बशीत उतरत होते आणि मुळे कोरडीच राहत होती. शेवटी अख्खी कुंडी बादलीत बुडवून ठेवावी लागली. नखाने साल खरवडल्यावर आत हिरवे दिसले, म्हणून आशा आहे. कुंडीतल्या झुडपाला उन्हाळाभर पाणी हवेच, आणि जमिनीत लावलेल्यालाही मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे निदान पहिले दोन उन्हाळे, ते द्यावेच लागते.

घाणेरीला ‘देशी’ म्हणणे तर निखालस खोटे आहे. ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली, शोभेसाठी भारतात आणलेली, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञ गटाने केलेल्या जगातल्या शंभर अतिउपद्रवी परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे. पण तिची फळे खाऊन पक्षी बिया दूरवर टाकतात, आणि मुलुंडला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागूनच आहे, जिथे घाणेरीच्या जाळ्या आधीच माजलेल्या आहेत. गच्चीवर ती लावणे म्हणजे त्या जंगलात आणखी बी पेरणे होय.

‘खत जितके जास्त, तितकी फुले’ हा समजही चूक. खतातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की नुसता पाला वाढतो.

मुंबईच्या पावसाबद्दल मात्र संदेशात अवाक्षर नाही. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कोरड्या उतारावर वाढणाऱ्या झुडपाची मुळे तुंबलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून जूनपूर्वी कुंडीच्या तळाचे भोक मोकळे करावे, आणि जमिनीत लावायचे असल्यास उंचवटा करून त्यावर लावावे.