‘सगळ्यात उंच, सगळ्यात रुंद हँडल घे’ हा सल्ला फ्लॅटलँडवाल्यांनी का ऐकू नये

मुंबईत बीएमएक्स, म्हणजे ट्रिक्स आणि रेसिंगसाठीची २० इंची चाकांची छोटी सायकल, चालवायला लागलेल्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो. कार्टर रोडला विचारा नाहीतर बीकेसीत रविवारी सकाळी विचारा, शब्द जवळपास तेच: “शक्य तेवढं उंच आणि रुंद हँडल घे, कंट्रोल वाढतो. मोठं वाटलं तर नंतर कापता येतं. चार तुकड्यांचंच घे, दोन तुकड्यांचं तुटतं. अल्युमिनियमचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि बजेट नसेल तर एमटीबीचं (माउंटन बाइकचं) हँडल लाव, नाहीतर ग्रिलवाल्याकडून नळी वाकवून घे. हँडल ते हँडल!”

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात वाद नाही. पण यातली बरीच वाक्यं चूक आहेत, एक अर्धंच खरं आहे आणि शेवटचं तर कुणाचे तरी दात पाडेल. पोरं पॉकेटमनी साठवून, आईवडिलांची मनधरणी करून हे सामान घेतात. त्यांना नीट माहिती मिळायलाच हवी, खासकरून फ्लॅटलँड, म्हणजे सपाट जमिनीवर तोल सांभाळत ट्रिक्स करायचा प्रकार, शिकणाऱ्यांना.

आधी “उंच आणि रुंद म्हणजे कंट्रोल” हे बघू. पार्क (रॅम्पवरच्या उड्या) आणि स्ट्रीट (रस्त्यावरचे कठडे-पायऱ्या) या प्रकारांसाठी यात तथ्य आहे. उंच रॅम्पवरून उडी मारून खाली येताना रुंद हँडलवर जास्त जोर लावता येतो, उंच हँडलमुळे पाठ फार वाकवावी लागत नाही. म्हणून त्या रायडर्सकडे २९-३० इंच रुंद आणि ९ ते १० इंच उंचीचं हँडल सर्रास दिसतं. आता आपल्याकडच्या पोरांनी बीएमएक्स पाहिलं ते बहुतेक ऑलिम्पिकच्या क्लिपमध्ये. टोकियोत लोगन मार्टिन जिंकला, पॅरिसमध्ये होसे तोरेस हिल जिंकला, आणि त्यांची हँडल बघून सगळ्यांच्या डोक्यात एकच माप बसलं. पण ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचा (ट्रिक्सच्या बीएमएक्सचा) फक्त पार्क हा प्रकार आहे, फ्लॅटलँड नाही. फ्लॅटलँडची जागतिक स्पर्धा यूसीआय ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना वेगळी घेते. तिथे रॅम्प नसतो, उडीही जवळपास नसते. सपाट जमिनीवर, बहुतेक वेळ एकाच चाकावर, पेगवर (चाकाच्या अक्षाला लावलेल्या पाय ठेवायच्या दांड्यावर) उभं राहून बाइक स्वतःभोवती फिरवायची असते. ज्या हँडलने उंचावरून सुखरूप उतरता येतं, तेच हँडल इथे मांडीला अडकतं.

रुंदी वाढली की हँडल फिरताना मोठा घेर घेतं. त्याची टोकं गुडघ्यांमधून, पोटाजवळून, कधी मांडीखालून जायची असतात. त्यामुळे फ्लॅटलँडवाले साधारण २६ ते २८ इंचांत राहतात. त्यातही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला २९ इंची हँडल देणं मला अजिबात पटत नाही. शिवाजी पार्कात त्या वयाच्या पोराच्या हातात कुणी मोठ्या माणसाची बॅट देत नाही. इथे मात्र “वाढत्या अंगाचं” म्हणून दिलं जातं. अंदाज हवा असेल तर जमिनीवर जोर काढायच्या स्थितीत हात सहज जिथे पडतात तिथे थांबा आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. सुरुवात त्या मापाच्या आसपास करावी.

पण रुंदी-उंचीच्या या गडबडीत खरं महत्त्वाचं माप कुणी विचारतच नाही. ते म्हणजे बॅकस्वीप. वरून पाहिलं तर हँडलची टोकं रायडरकडे किती झुकली आहेत, तो कोन. स्ट्रीट-पार्कच्या हँडलला तो साधारण ११-१२ अंश असतो. सरळ चालवताना मनगटाला तो आरामाचा वाटतो, म्हणून दुकानात हात लावून पाहिलं की लगेच आवडतो. गफलत इथेच होते, कारण दुकानात कुणी हँडल उलटं फिरवून बघत नाही.

फ्लॅटलँडमध्ये फोर्क (पुढचं चाक धरणारा, हँडलसोबत फिरणारा दुहेरी दांडा) कितीतरी वेळा १८० अंश उलटा असतो. स्टीमरोलर ही ट्रिक घ्या: पुढच्या पेगवर उभे, पुढचं चाक चालतंय, बाइकची मागची बाजू तुमच्या पुढे आलेली. हँडल त्या फ्रेमच्या हिशेबाने उलटं. आता १२ अंश मागे झुकलेली टोकं १२ अंश पुढे झुकतात. मनगट नको तिकडे वळतं, कोपर बाहेर फेकलं जातं आणि ग्रिप अपेक्षेपेक्षा लांब जाते. साधा हिशेब करा. ग्रिपचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून ४ सेंटीमीटर मागे असेल, तर उलटं केल्यावर तो ४ सेंटीमीटर पुढे गेला. म्हणजे एकाच ट्रिकमध्ये हाताची जागा ८ सेंटीमीटरने सरकली. एका चाकावर तोल सांभाळताना हे फार होतं. पोरगं महिनोन्‌महिने पडतं आणि समजतं की आपल्यालाच जमत नाही.

म्हणून फ्लॅटलँडच्या हँडलला बॅकस्वीप कमी असतो, काहींना तर शून्य. स्टेमही (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) आखूड वापरतात, फोर्कचा ऑफसेटही (चाकाचा अक्ष स्टिअरिंगच्या रेषेपुढे जितका असतो ते अंतर) कमी ठेवतात. तिन्हींमागे कारण एकच: हात स्टिअरिंगच्या अक्षाजवळ राहिले पाहिजेत, म्हणजे हँडल सुलटं असो की उलटं, हाताला ते सारखंच लागतं. या प्रकाराचा इतिहासही हेच सांगतो. १९८० च्या दशकात बॉब हॅरोसारख्यांनी फ्रीस्टाइल उभं केलं तेव्हा जमिनीवरच्या ट्रिक्स बऱ्याचशा एका जागी थांबून तोल धरायच्या होत्या. मग पेनसिल्वेनियातल्या यॉर्कचा केविन जोन्स आणि त्याच्या सोबत्यांनी चालत्या चाकावर एकातून दुसरी ट्रिक काढायला सुरुवात केली, आणि हँडलच्या दोन्ही बाजू सारख्याच कामाच्या झाल्या.

तुमच्याकडे आहे त्या हँडलची परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत होते. ब्रेकची केबल आड येत असेल तर आधी सोडवा. हँडलचे उभे दांडे बाजूने पाहून फोर्कच्या रेषेत आणा आणि बोल्ट घट्ट करा. बाइक भिंतीला टेकवून हँडल धरा, डोळे मिटा, मनगटं कशी आहेत ते लक्षात घ्या. मग फोर्क पूर्ण उलटा फिरवून त्याच जागी उभं राहून पुन्हा धरा. दुसऱ्या वेळी करंगळीच्या बाजूला ताण आला किंवा खांदा पुढे ओढला गेला, तर बॅकस्वीप तुमच्या कामाचा नाही. दोन्ही वेळा फारसा फरक जाणवला नाही तर त्याच हँडलवर खुशाल शिका. नवीन घ्यायची घाई नको. ज्याला पार्कही करायचं आहे आणि फ्लॅटलँडही, त्याने मधला मार्ग काढावा. अगदी शून्य स्वीपवर उडीचे दणके मनगटाला चांगलेच जाणवतात, हेही खरं.

“मोठं घे, नंतर काप.” हेच ते अर्धं खरं वाक्य. रुंदी कापता येते, उंची आणि स्वीप नाही. १० इंच उंच हँडल दोन्ही टोकांना कितीही कापा, ते १० इंचच उंच राहणार. शिवाय ग्रिपला साधारण १४-१५ सेंटीमीटर सरळ नळी लागते, ब्रेक लिव्हर असेल तर आणखी थोडी. जास्त कापलं की ग्रिप वाकणापर्यंत पोचते आणि लिव्हरला जागाच उरत नाही. म्हणून आधी ग्रिप आत सरकवून आठवडाभर चालवून बघा, मगच करवत उचला. दोन्हीकडे सारखं कापा, कड कानशीने घासा आणि टोकाला प्लग बसवा. प्लग नसलेली उघडी नळी पडताना पोटात घुसते. सायकलच्या हँडलमुळे मुलांच्या पोटाला होणाऱ्या दुखापती डॉक्टरांना नवीन नाहीत. प्लगला किती पैसे पडतात? तरी निम्म्या बाइकवर तो दिसत नाही, याचा मला खरंच राग येतो.

दोन तुकडे की चार, यावर फार वेळ घालवायला नको. दोन तुकड्यांच्या हँडलमध्ये एक अखंड वाकवलेली नळी आणि आडवा दांडा असतो. चारमध्ये खालची नळी, दोन बाजू आणि आडवा दांडा वेगवेगळे जोडलेले असतात. चारात जोड जास्त आणि दिसायला जुन्या काळचा बाज. मजबुती ठरते ती नळीचा धातू, तिची जाडी, हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून मजबूत करणं) आणि वेल्डिंगवर. आवडेल ते घ्या.

अल्युमिनियमचं मात्र नीट समजून घ्या. ते हलकं असतं हे बरोबर, रेसिंगमध्ये वापरतातही. पण पोलाद आणि अल्युमिनियम थकतात वेगवेगळ्या पद्धतीने. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अल्युमिनियमला अशी खालची मर्यादा नसते. छोटे छोटे दणकेही साठत जातात. शिवाय क्रोमोलीचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचं) हँडल बहुधा आधी वाकून इशारा देतं, तर अल्युमिनियम फारशी खूण न देता तुटू शकतं. शिकणाऱ्याची बाइक दिवसात कितीदा आपटते ते बघा, आणि फ्लॅटलँडमध्ये तर हँडलवर पायही पडतो. चांगलं क्रोमोली हँडल ७०० ते ९०० ग्रॅममध्ये मिळतं. वाचलेल्या शे-दोनशे ग्रॅमसाठी ही जोखीम का घ्यायची?

एमटीबीच्या हँडलचं म्हणाल तर आकडेच बोलतात. बीएमएक्सचं हँडल स्टेममध्ये बसतं तिथे बहुधा २२.२ मिलिमीटर असतं, काही नव्या हँडलना २५.४. आजच्या एमटीबी हँडलला तिथे बहुतेक ३१.८ असतं. ते बीएमएक्सच्या स्टेममध्ये शिरणारच नाही. स्टेम बदलला तरी बीएमएक्सच्या हँडलला २० ते २५ सेंटीमीटर उंची असते, एमटीबीच्या हँडलला जेमतेम दोन-चार. २० इंची चाकाच्या ठेंगण्या बाइकवर तुम्ही कमरेत वाकून राहाल. त्यात आडवा दांडाही नाही.

आता ग्रिलवाला. खिडकीच्या ग्रिलचं काम तो उत्तम करत असेल, त्याच्या कसबाबद्दल माझी तक्रार नाही. पण हँडलला लागतो ४१३० क्रोमोली. नावातल्या ४१ चा अर्थ क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद आणि ३० म्हणजे ०.३० टक्के कार्बन. त्याच्या पातळ नळ्या टिग वेल्डिंगने जोडतात आणि चांगल्या हँडलना नंतर हीट ट्रीटमेंट देतात. ग्रिलवाल्याकडे असते साधी लोखंडी नळी आणि आर्क वेल्डिंगचं मशीन. ती नळी तेवढी मजबूत करायची तर जाड आणि जड घ्यावी लागते. पातळ घेतली तर पहिल्याच जोरात आपटण्यात वाकते. तुटलेलं क्रोमोली हँडल त्याच्याकडून “टाका मारून” घेणं त्याहून वाईट. वेल्डच्या उष्णतेने शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि हँडल पुढच्या वेळी बरोबर त्या टाक्याच्या कडेला तुटतं. तेव्हा तुमचं तोंड हँडलच्या वर असतं. तुटलेलं हँडल भंगारात द्या. ते जोडून धाकट्या भावाला तर मुळीच देऊ नका.

पैसे कमी असतील तर चांगलं सेकंडहँड क्रोमोली हा खरा पर्याय आहे. फक्त घेताना घाई करू नका. ओल्या फडक्याने आडव्या दांड्याचे दोन्ही जोड आणि स्टेमजवळची खरबरीत पट्टी पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून तांबूस गंज झिरपलेला दिसला तर ती तडा गेलेली जागा समजा आणि फुकट मिळालं तरी परत द्या. ग्रिप काढून आत बघा. वरळी-वांद्र्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हँडल बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं असू शकतं. नळी आडवी करून हलकेच ठोका; गंजाचे पापुद्रे पडले तर नको. साधी भुकटी असेल तर साफ करा, आतून तेलाचा हात फिरवा, प्लग लावा, आणि पावसाळ्यात बाइक गॅलरीत भिजत ठेवू नका. हँडल सपाट लादीवर ठेवून दोन्ही टोकं सारखी टेकतात का तेही बघा. एक टोक उचललेलं राहिलं तर ते आधीच कुणीतरी वाकवलेलं आहे.