षष्ठी विभक्तीचं प्रेम

मावसबहिणीचं केळवण आमच्याकडे होतं. नवरी पानावर बसली खरी, पण जेवणापेक्षा तिचं लक्ष फोनकडे. ताटाला टेकून ठेवलेला तो फोन दर दोन मिनिटांनी थरथरायचा आणि त्याच्याबरोबर ताटातला पापडही. उजवा हात मसालेभातात तसाच ठेवून ती डाव्या अंगठ्यानं 'हो रे, जेवतेय' असं टाइप करत होती. मावशी कौतुकानं म्हणाली, "आमचे जावई जरा पझेसिव्ह आहेत."

आजीनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काय रे?" मी तोंडातला घास गिळेपर्यंत तिनंच विचारलं, "संशयी का?"

"काहीतरीच काय, आई! प्रेम आहे त्यांचं."

तर आजीला तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. व्याकरणात पझेसिव्ह म्हणजे आपली षष्ठी विभक्ती. चा, ची, चे, च्या. शाळेत घोकलेले हे प्रत्यय आयुष्यात कुठे लावायचे, हे मात्र मास्तरांनी शिकवलं नाही. त्यात आपली भाषा पडली भोळी. छत्री 'माझ्याकडे' असते, पण बहीण 'मला' असते. 'माझ्याकडे बायको आहे' असं कुणी म्हटलं, तर समोरचा विचारेल, परत कधी करणार? हा मराठीचा मागासलेपणा तुम्हाला दूर करायचा आहे. माणसाला छत्रीशेजारी खुंटीला टांगता आलं, की तुम्हाला शब्दाचा अर्थ कळला.

पहिलं पथ्य शब्दाचंच. स्वतःला संशयी म्हणवून घेऊ नका. संशयी नवरा पेपरात गुन्ह्यांच्या पानावर येतो आणि पझेसिव्ह नवरा मैत्रिणींच्या गप्पांत. वागणं दोघांचं तेच.

मग ताबा. ज्यांच्या घरी गुंठाभर का होईना जमीन आहे, त्यांना हे पटकन कळेल. सातबाऱ्यात सात नंबरचा नमुना मालकाचा, बारा नंबरचा पिकाचा. सातवर स्वतःचं नाव लावून घ्या. बारावर काय पिकायचं तेही तुम्हीच ठरवा: कुठला ड्रेस, कुठली मैत्रीण, नोकरी करायची की नाही. 'इतर हक्कां'त तिच्या माहेरची माणसं निघतील. घाई करू नका, एकेक फेरफार करत त्यांना कमी करा. दुसऱ्याच्या जमिनीत उघडपणे ठाण मांडून हक्क सांगायचा, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे 12 वर्षं काढावी लागतात. घरात एवढा वेळ लागत नाही. वर्षभरात माणूस आपणहूनच दारात उभं राहून विचारायला लागतं, "जाऊ का मी?"

साधनांची आता ददात नाही. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास पाठवता येतं. 15 मिनिटं म्हणजे नुसती ओळख झाली. 8 तास मागा, एक अख्खी ड्युटी बसते त्यात. संध्याकाळी पुन्हा मागा. वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र स्वतःच्या बंद करू नका, कारण मग तिच्याही दिसेनाशा होतात (एवढी एक समानता त्यांनी उगाच ठेवली आहे). पासवर्ड मागताना 'लपवण्यासारखं काही नसेल तर' एवढीच प्रस्तावना करावी. या वाक्याला आजवर कुणाला उत्तर सुचलेलं मी पाहिलं नाही.

बायकांनी रुसू नये, हे शास्त्र सगळ्यांना खुलं आहे. लेकाच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्याच्या डब्यातली भाजी आधी स्वतः चाखणाऱ्या एक काकू आमच्या ओळखीत आहेत. त्यांच्यापुढे जावई म्हणजे बिगरीतला विद्यार्थी.

थोडा कायद्याचा जाच आहे. 1860 च्या दंडसंहितेत 497 हे कलम फार सोयीचं होतं. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणं हा गुन्हा, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. म्हणजे शेजाऱ्याची सायकल विचारून नेली, तर चोरी कशी होईल? एवढं तर्कशुद्ध कलम सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. नवरा बायकोचा मालक नाही म्हणे. त्याच्याही आधी, 2013 पासून, एखाद्या बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणाऱ्या पुरुषाला पहिल्या खेपेला 3 वर्षांपर्यंत कैदेची सोय झालेली आहे. म्हणून 'पाळत' हा शब्द घरात काढायचा नाही. 'काळजी' म्हणावं.

त्या दिवशी काळजी श्रीखंडापर्यंत पोचली. 'कोण कोण आहे, फोटो पाठव' असा निरोप आला. बहिणीनं पंगतीचा फोटो काढला, पाठवला आणि पहिला घास उचलला. घास तोंडात जायच्या आत फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "फोटोच्या कडेला एक कोपर आलंय. कुणाचं, विचारतोय."

आजीनं वाटी खाली ठेवली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "माझ्या मोठ्या मुलीच्या मुलाचं."