अर्धा इंच म्हणजे किती?

गीझरखालचा अँगल कॉक आठवडाभर ठिबकत होता आणि प्लंबर आठवडाभर 'निघालोच सर' म्हणत होता. शेवटी रविवारी सकाळी मीच पाना हातात घेतला. कॉक फिरवला, तर तो एकटा येईना. एल्बोचे, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडाचे, निम्मे आटे सोबत घेऊन आला. आमच्याकडे पाइप भिंतीच्या बाहेरून आहेत, टाइल फोडावी लागली नाही, एवढंच काय ते सुख. गच्चीवरचा व्हॉल्व्ह मी आधीच बंद करून आलो होतो. म्हणजे आमच्या ओळीतल्या चारही घरांच्या आंघोळी आता माझ्या भरवशावर.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. दुकानात हात हलवत जाणं मला शोभलं नसतं. माळ्यावरून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, काढला, मापं घेतली, चिठ्ठीवर लिहिली. कॉकच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९ मिलिमीटर, पाइपाचा १५.९.

हार्डवेअरच्या गल्ल्यावर माझाच जुना विद्यार्थी निघाला. प्रॅक्टिकलला उपकरणाची शून्यत्रुटी कधी म्हणून वजा न करणारा. त्यानं चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"सर, अर्धा इंची पाहिजे ना?"

"अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. यातलं काहीच १२.७ नाही."

"पण दोन्ही अर्धा इंचीच." मग त्यानं थंड पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसी प्लास्टिक पाइपाचा तुकडा पुढे केला. "हापण अर्धा इंची."

मोजला. २१.३!

हे नाव म्हणे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं. पुढे जाडी बदलली, अख्खा पाइप बदलला, नाव तेवढं राहिलं. आमचे बारक्याकाका आज शंभर किलोंचे आहेत, त्यातलाच प्रकार.

"गरम पाण्याची लाइन आहे, म्हणजे सीपीव्हीसीच," असं म्हणून त्यानं त्या गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे दोन पिवळसर एल्बो समोर ठेवले. एकाला प्लास्टिकचेच आटे, दुसऱ्यात पितळेचे बसवलेले. मी खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि पितळेला लावलं. चिकटलं नाही. मी समाधानानं मान डोलावली.

"सर, जस्ताच्या मिश्रधातूलापण नाही चिकटत," तो हळूच म्हणाला. "हातात घेऊन बघा. पितळ जड लागतं."

मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं मिशीत हसली. त्या रागात म्हणा किंवा किंमत ऐकून म्हणा, मी प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो घेतला.

घरी येऊन टेफ्लॉन टेप गुंडाळली, कॉक बसवला, हातानं आवळला, मग पान्यानं आवळला. तिथे थांबायला हवं होतं. पण मनाच्या समाधानासाठी म्हणून आणखी अर्धा फेरा दिला. टक्! इतका छोटा आवाज, पण स्वयंपाकघरातून लगेच विचारणा झाली, "अहो, झालं का?"

दुसऱ्यांदा दुकानात गेलो, तर पितळी आट्यांचा एल्बो काउंटरवर काढूनच ठेवलेला. शेजारी दोन पाइप जोडायचं एक सॉकेट, ते चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि वीतभर पाइप.

"हे सगळं कशाला?"

"जुना एल्बो कापला की पाइप आखूड पडेल ना, सर."

हे मला सुचायला हवं होतं. एकट्या एल्बोसाठी तिसरी खेप झाली असती. या वेळी कॉक एल्बोत आधीच आवळून घेतला आणि मग सोल्युशन लावलं. ते लावल्यावर विचार करायला वेळ नसतो; वाकडं बसलं ते जन्माचं वाकडं. आमचा कॉक त्यामुळे गीझरकडे न बघता जरा खिडकीकडे बघतो. वर सोल्युशन वाळेपर्यंत पाणी सोडायचं नाही. तेवढ्या वेळात चारही घरांमधून कुणी ना कुणी 'सहजच' डोकावून गेलं.

संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडला. कॉकखाली कोरडा कागद धरून पाच मिनिटं बसलो. कागद कोरडाच.

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. हातात त्यांच्या नळाचा तुटका तुकडा. "सर, तुम्ही एवढं केलंत म्हणून विचारते, हा अर्धा इंचीच ना हो?"

मी सवयीनं व्हर्नियरकडे हात नेला. मग तुकडा तसाच खिशात टाकला आणि चपला घातल्या.