मित्राला गाडीची किल्ली देताना

अमेरिकेत राहत असाल, रूममेट गोड स्वभावाचा असेल आणि पार्टीनंतर पहाटे त्याने गाडीची किल्ली मागितली, तर झोपेत ‘घे’ म्हणू नका. आधी त्याच्याकडून लेखी घ्या : ‘वाटेत कुणाचाही खून करणार नाही.’

फ्लोरिडातल्या पेन्साकोलात २००३ साली एका वीस वर्षांच्या पोराने एवढी काळजी घेतली नाही. मित्रांनी गाडी नेली ती गांजा विकणाऱ्या बाईच्या घरातली तिजोरी उचलायला. चोरीची बोलणी त्याच्या कानावर पडली होती; थट्टा वाटली, असं त्याचं म्हणणं. तिथे एकाने अठरा वर्षांच्या मुलीला मारून टाकलं. हा तेव्हा दीडेक मैलावर, स्वतःच्या घरी झोपलेला. सरकारी वकिलाचा हिशेब सरळ होता : गाडी नसती तर खून नसता. दहा वर्षांवर मिटवायची तयारी होती, पण पोरगा नाही म्हणाला. मग पॅरोलविना जन्मठेप. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी ती २५ वर्षांवर आणली. दिलदार माणूस!

नियम तसा सोपा आहे. मोठा गुन्हा चालू असताना कुणी मेलं, की त्यात हात असलेले सगळे खुनी. हेतू-बितू शोधण्यात कोर्टाचा वेळ जात नाही. इंग्लंडने आपलाच हा जुना नियम १९५७ मध्ये मोडीत काढला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी मात्र जपलाय.

आणि मारणारा तुमच्यातलाच हवा, असंही सगळीकडे नाही. इंडियानातल्या एल्कहार्टमध्ये २०१२ साली काही पोरं निःशस्त्र, रिकामं समजून एका घरात घुसली. मालक वर झोपला होता. त्याने गोळ्या झाडल्या, एक पोरगा गेला. मित्राच्या खुनाबद्दल त्यातल्या तिघांना ५० ते ५५ वर्षं! त्यांतला एक तर घरात शिरलाही नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये वाटलं, ही घरफोडीच असावी.

आपल्याकडे एवढी सोय नाही. भारतीय न्याय संहितेत दरोड्यात एकाने खून केला तर सगळ्यांना फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. तेव्हा चौघंच जा. रात्रीच्या घरफोडीत एकाने जीव घेतला तर मात्र चौघंही अडकतात, म्हणून निघायचं ते सूर्य उगवल्यावर. आणि गाडी स्वतःची न्या.