ताई, फक्त पत्ता द्या ना!

जर्मनीत शिकायला येताय? अभिनंदन. व्हिसा झाला, तिकीट झालं, विमानतळावर हार घालून फोटो झाला. राहता राहिलं राहायचं कुठे, आणि त्यासाठी आम्ही आहोतच. गेल्याच आठवड्यात रात्री साडेबाराला एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला, "ताई, रूम बघतोय अजून, तोवर आन्मेल्डुंगसाठी फक्त तुमचा पत्ता द्या ना." आन्मेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. त्या मेसेजमधला 'फक्त' इतका गोड होता की म्हटलं, यंदाच्या सगळ्याच बॅचसाठी मार्गदर्शन एकदाचं लिहून टाकावं.

सर्वप्रथम, खोली शोधायची घाई करू नका. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज भरणारे काही उतावळे असतात, त्यांच्या नादी लागू नका. तिथली प्रतीक्षायादी मोठ्या शहरांत सेमिस्टरमध्ये मोजतात. तुम्ही निवांत सप्टेंबरात अर्ज भरा, मास्टर्सचा थीसिस छापायला टाकाल तेव्हा खोलीचं पत्र येईल. वेगेत, म्हणजे चार जणांच्या सामायिक घरात, खोली हवी असेल तर लोक मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, आठ-दहा ओळी लिहितात: काय शिकणार, कधीपासून कधीपर्यंत खोली हवी, घरकामाला हात लावता का. तुम्ही "हाय, इज रूम अव्हेलेबल?" एवढंच पन्नास जाहिरातींना चिकटवा. उत्तर आलं नाही तर ग्रुपवर 'जर्मन लोक फार थंड' असं लिहायला मोकळे.

तरी एक उत्तर नक्की येईल. शहराच्या मधोमध घर, भाडं निम्मं, फोटो मासिकातल्यासारखे. मालक मात्र कामानिमित्त परदेशी, त्यामुळे आधी डिपॉझिट पाठवायचं, मग किल्ली कुरियरने. घर कुणी डोळ्यांनी पाहायची गरज नाही, व्हिडिओ कॉलही नको. पासपोर्टची प्रतसुद्धा पाठवा. पुढच्या गिऱ्हाइकाला 'मालकाचा पासपोर्ट' म्हणून दाखवायला तीच उपयोगी पडते.

पैशांची चिंता नाहीच. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यात, 11,904 युरो आहेत की! त्यातले महिन्याला 992 सुटतात आणि तेही इथलं चालू खातं उघडल्यावर, ही बारीक अक्षरं सोडून द्या. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून नुसत्या भाड्यापर्यंत, मागता येतं. काल्टमीटे 400 असेल तर 1,200, वर पहिल्या महिन्याचं भाडं. 992 मधून 1,600 कसे वजा करायचे हे तुम्ही इंजिनिअर लोकांनी आम्हाला सांगायचं. डिपॉझिट तीन समान हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, पण मालकासमोर कायद्याचं बोलणं बरं दिसत नाही. आणि जाहिरातीत काल्ट आणि वार्म (खर्चासकट भाडं) असे दोन आकडे असले तर लहान तोच खरा धरा. हीटिंगचे, पाण्याचे, कचऱ्याचे पैसे शेजारी भरतात.

बॅगेत साजूक तूप आणि कंदी पेढे ठासून भरा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पण कस्टमवाल्यांनाही घरदार असतं.

शनिवारी रात्री उतरा. रविवारी दुकानं बंद, म्हणजे एकादशी आपोआप घडते.

विम्याचा निर्णय एजंटवर सोपवा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला इथला सरकारी आरोग्य विमा सवलतीत मिळतो. एजंट म्हणेल, प्रायव्हेट स्वस्त आहे, सरकारीतून सूट घेऊन टाका. घ्या. ही सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही, हे पहिली दाढ दुखेपर्यंत कळायची गरजही नाही.

हिवाळ्यात खिडकी अजिबात उघडू नका. ओले कपडे खोलीतच वाळत घाला, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या. दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडून खोलीतला दमट वारा बाहेर घालवणाऱ्यांना काही कामधंदा नसतो. कपाटामागे काळी बुरशी धरली की मालक ती डिपॉझिटमधून धुऊन काढतोच.

आता पत्ता.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, नोंदणी करायची, हीच ती आन्मेल्डुंग. त्यासाठी टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, आधी मिळवावी लागते. शहाणे लोक घर पक्कं झालं की लगेच ती बुक करतात, पुढची तारीख मिळाली तर बुकिंगची पावती जपून ठेवतात आणि रोज सकाळी रद्द झालेल्या वेळा बघतात. तुम्ही तेराव्या दिवशी बघा, आणि मग मला मेसेज करा. टर्मिनला पासपोर्ट न्यायचा, फॉर्म न्यायचा आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग न्यायची. घाबरू नका, शब्द मालगाडीएवढा असला तरी कागद एकच आहे. घर देणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं, की हा माणूस अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आला. भाडेकराराची प्रत त्या जागी चालत नाही.

मग 'फक्त पत्ता' म्हणजे नक्की काय मागता तुम्ही? मी घरमालकाची खोटी सही ठोकायची? की मुख्य भाडेकरू म्हणून मीच लिहून द्यायचं, की जो मुलगा मी जन्मात पाहिला नाही तो माझ्या घरात राहतो? उशिरा नोंदणी केलीत तर दंड जास्तीत जास्त 1,000 युरो. आणि कुणी राहायला येणार नाही हे माहीत असून नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला दंड 50,000 युरोपर्यंत. रुपये नाहीत, युरो. तुमचे हजार वाचावेत म्हणून मी पन्नास हजार पणाला लावायचे, आणि नाही म्हटलं की ग्रुपवर "आपलेच लोक मदत करत नाहीत"!

बरं, पत्ता दिला समजा. पुढे काय होतं माहीत आहे? या देशाचं सगळं पोस्टाने चालतं. अकरा आकडी टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो मिळाला नाही तर पार्ट टाइम नोकरीचा पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या, टॅक्स क्लासने कापून हातात येतो आणि तुम्ही कंपनीला शिव्या देता. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या. विम्याचं कार्ड तिसऱ्यात. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येतं, महिन्याला 18.36 युरो. ती एका घराला एकदाच भरायची असते, पण मी आधीच भरतेय हे नंबरासकट कळवायचं कुणी? मी. नाहीतर तुमच्या नावाची स्मरणपत्रं माझ्या पेटीत. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. नाव लावलं तर खालच्या मजल्यावरची म्हातारी दुसऱ्या दिवशी घरमालकाला विचारते, हा नवीन कोण? त्याच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवल्याचं बालंट मग माझ्यावर, ज्यात घर जाऊ शकतं. कोर्टाचं किंवा सरकारी कचेरीचं पिवळं पाकीट आलं तर बघायलाच नको. पोस्टमन त्यावर तारीख टाकून ते पेटीत सोडतो आणि त्या क्षणी ते तुम्हाला मिळालं असं कायदा धरतो. तुम्ही तेव्हा दुसऱ्या शहरात मित्राच्या सोफ्यावर झोपलेले, आणि उत्तराची मुदत इकडे माझ्या जिन्यात संपत असते. तुमची राहण्याच्या परवान्याची फाइलसुद्धा पत्त्याच्याच मागे फिरते. जिथे नोंदणी, तिथलं आउसलेंडरबेहोर्ड, म्हणजे परदेशी लोकांचं कार्यालय. म्हणजे व्हिसा संपत आला की पुन्हा रात्री साडेबाराला, "ताई, काही पत्र आलं का हो?"

आयत्या बिळावर नागोबा व्हायला निदान बिळात राहावं तरी लागतं. तुम्हाला तेही नको.

आणि ते दादा, जे पैसे घेऊन एकाच खोलीवर सात-सात पोरांची नोंदणी करून देतात आणि वर 'सेवा' म्हणतात! लाज वाटू द्या थोडी. घरून कर्ज काढून आलेली पोरं आहेत ती. चौकशी झाली तर तुम्ही फोन बंद करून बसाल आणि पोरगा आउसलेंडरबेहोर्डमध्ये 'मी तिथे कधीच राहिलो नाही' हे कुठल्या तोंडाने सांगेल?

अरे, एवढं अवघड नाहीये हे. प्रवेश मिळाला की त्या रात्री वसतिगृहाचा अर्ज टाका. शेजारच्या लहान गावांची वसतिगृहंसुद्धा त्याच अर्जात निवडा, ट्रेनने वीस मिनिटं लागतात, मरत नाही कुणी. कायमची खोली मिळेना तर दोन-तीन महिन्यांची त्स्विशेनमीटे घ्या. कुणी सुट्टीला किंवा इंटर्नशिपला गेलं की आपली खोली तेवढ्यापुरती देतं. पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: आन्मेल्डुंग होईल का? 'नाही' आलं तर पुढची जाहिरात. 'बघू' आलं तर तेही नाहीच. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दोन-अडीच हजार युरो वेगळे ठेवा, पहिल्या महिन्यात तेच तारतील. आणि विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस ईमेलला उत्तर देतं, पण त्यासाठी ईमेल लिहावा लागतो.

फॉर्म कळला नाही तर विचारा, जर्मन पत्र वाचून दाखवते, टर्मिनला सोबत येते. पत्ता मागायचा नाही. रात्री साडेबाराला तर मुळीच नाही.