मॉर्डिनसाठी तरी तिसराच!
'मास इफेक्ट' या अंतराळातल्या व्हिडिओ गेम मालिकेचे भाग क्रमाने लावणाऱ्या लेखात 'मास इफेक्ट २'ला पहिला नंबर दिलाय, तो शेवटच्या सुसाइड मिशनसाठी, म्हणजे जिवावरच्या मोहिमेसाठी. मिशन भारीच, वादच नाही. साथीदारांची कामं अर्धवट ठेवून गेलात की एकेक जण डोळ्यांदेखत जातो. पण रीपर्सची, म्हणजे प्रगत संस्कृती संपवणाऱ्या महाकाय यंत्रांची, मूळ कथा त्यात पुढे सरकते कुठे? माझं मत तिसऱ्याला. २०१२ मध्ये शेवटावरून एवढी बोंबाबोंब झाली की गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला, मान्य. तरी तुचांका ग्रहावर क्रोगन या परग्रही जमातीला जीनोफेजमधून (त्यांचा जन्मदर पाडणाऱ्या रोगातून) सोडवायला मॉर्डिन हा शास्त्रज्ञ साथीदार जिवावर उदार होऊन गाणं गुणगुणत वर जातो, तिथे आवंढा येतोच. अर्थात दुसऱ्यात त्याच्याशी गप्पा मारल्या नसतील तर तो प्रसंग एवढा लागणार नाही, हेही खरं. पहिल्यातल्या माको गाडीला मात्र लांबूनच नमस्कार!